गोगलगायीने सोडलेलं पान

पाचवी कुंडी उचलली तेव्हा माळ्याच्या तोंडून नुसतं ‘हं’ निघालं. काल संध्याकाळी त्या पालथ्या कुंडीखाली त्याने झेंडूची एक डहाळी ठेवली होती. आता तिचा देठ तेवढा उरला होता आणि त्या देठाला चिकटून चार गोगलगायी सुस्त पडल्या होत्या.

“हे काय चाललंय, माळीदादा?”

मागे मोठ्या बाई उभ्या होत्या. वृद्धाश्रमाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. वयाने त्या माळ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होत्या, पण सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत.

“परीक्षा घेतोय,” माळी उठता उठता म्हणाला.

“कुणाची?”

“पानांची. तपासनीस आत बसलेत.”

मोठ्या बाईंनी वाकून पाहिलं आणि चेहरा वाकडा केला. मग त्यांनी सहाव्या कुंडीखाली काय आहे ते विचारलं. माळ्याने तीही उचलली. तिच्याखाली जिरॅनियमचं पान होतं, कडेला एक पुसटशी कुरतड, बाकी जसंच्या तसं. गोगलगायी कुंडीच्या भिंतीवर चढून पानापासून होता होईल तितक्या लांब बसल्या होत्या, पंगतीत नको असलेला माणूस शेजारी आल्यासारख्या. मोठ्या बाई हसल्या. पण जाताना आठवण करून द्यायला विसरल्या नाहीत, की विश्वस्त यायला आता सहा आठवडे राहिलेत.

गोष्ट त्या वाफ्याची होती. तळमजल्याच्या व्हरांड्याला लागून सात पावलं लांब आणि तीन पावलं रुंद असा मातीचा एक पट्टा होता. ऊन सकाळी दहापर्यंत, पुढे दिवसभर सावली. धुणीघराचं पाणी भिंतीतून पाझरायचं, त्यामुळे माती कायम ओली. गोगलगायींना याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. शंखवाल्या भिंतीच्या भेगांतून येत, बिनशंखाच्या विटांखालून. आचारी म्हणायचा, शंखवाल्या त्या घरमालकिणी आणि बिनशंखाच्या त्या भाडेकरू, पण जेवायला मात्र दोघी एकत्र. माळी काहीही लावो, आठ दिवसांत त्याची चाळण झालेली असे.

तेवढं असतं तर कुणी बोललं नसतं. पण गोगलगायी वाफ्यातून व्हरांड्यात यायला लागल्या. त्यांच्या चिकट वाटेवरून एका म्हाताऱ्या शिक्षिकेचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. तेव्हा मोठ्या बाईंनी ठरवलं, की माती काढायची आणि फरशी बसवायची. त्यांचं चुकत होतं असं नाही. हाताला पट्टी बांधलेल्या त्या शिक्षिकेला नर्स घास भरवते, हे माळ्यानेही पाहिलं होतं.

तरीही तो ऑफिसात गेला आणि मुदत मागून आला. त्याला कारण होतं.

तळमजल्यावरच्या चौदा जणांत एक त्याची थोरली बहीण होती. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा आणि ताई सोळाची. तिने त्याला वाढवलं, एका रोपवाटिकेत उभा जन्म काढला, त्यालाही तिथेच कामाला लावलं. लग्न केलं नाही. आता तिला काही आठवत नसे. भाऊ आठवत असे, पण तो सात-आठ वर्षांचा आठवे. समोर उभा राहणारा साठीचा पांढऱ्या मिशांचा माणूस तिच्या लेखी माळी होता, आणि ते खोटं तरी कसं म्हणायचं. आश्रमात सगळेच तिला ताई म्हणत, त्यामुळे माळीही ताई म्हणतो यात तिला काही वेगळं वाटत नसे.

दुपार कलली, की ताईला भावाला शाळेतून आणायची घाई व्हायची. ती फाटकाशी जायची, कडी वाजवायची, पहारेकऱ्याशी भांडायची. एकदा फाटक उघडं सापडलं तर तिला मोठ्या चौकातून परत आणावी लागली होती. अशा माणसांसाठी वरचा मजला होता. तिथे जिन्याला जाळीचं दार होतं आणि दाराला कुलूप. वर गेलेलं माणूस खाली येत नसे.

ताई अजून खाली होती ती त्या वाफ्यामुळे. व्हरांड्याच्या पायरीवर बसून एकदा तिचे हात मातीत गेले, की फाटक, शाळा, सगळं विसरायची. तास-दोन तास ढेकळं फोडत बसायची. एखादं पान चुरगळून हुंगायची, ते चांगलं की वाईट ते स्वतःशीच सांगायची. मोठ्या बाईंनी हे पाहिलेलं होतं. मुदत देताना त्या म्हणाल्या होत्या, “दोन महिने घ्या. विषाच्या गोळ्या टाकायच्या नाहीत, व्हरांड्यात एक गोगलगाय दिसायला नको, आणि विश्वस्तांना वाफा फुललेला दिसला पाहिजे. मग मी त्यांच्याशी बोलते. नाहीतर माझ्याही हातात काही राहणार नाही.”

म्हणून हे कुंड्यांचं चाललं होतं. संध्याकाळी सहा कुंड्या पालथ्या घालायच्या, प्रत्येकीखाली वेगळी डहाळी आणि चार-चार गोगलगायी, कडेने ओली माती थापून बंद. सकाळी उघडून बघायचं. ही रीत रोपवाटिकेतली होती. गिऱ्हाईक रोप परत घेऊन आलं, की तिथला जुना मुकादम असंच करून दाखवायचा. पुस्तकात काय लिहिलंय ते गोगलगायींनी वाचलेलं नसतं, असं तो म्हणे.

तीन आठवड्यांत माळ्याने अठरा झाडं तपासली. रोझमेरीला गोगलगायींनी हात लावला नाही. लव्हेंडरलाही नाही. गवती चहाच्या धारदार पात्यांवर त्या चढल्यासुद्धा नाहीत. नेच्याकडे त्यांनी पाठ फिरवली. पण रोझमेरीच्या फांद्यांना मुळं फुटायला महिना-दीड महिना, लव्हेंडरला सावली सोसत नाही, आणि नेचा आणि गवती चहा फुलत नाहीत. जिरॅनियम फुलतं, पण त्याच्या काड्या आत्ता कुठे धरत होत्या. विश्वस्त काही थांबणार नव्हते.

मग एका सकाळी त्याने कुंडी उचलली तर खाली सदाफुलीची डहाळी, काल ठेवली तशी टवटवीत. पानावर ओरखडासुद्धा नाही. गोगलगायी उपाशी. त्याने आणखी तीन दिवस तीच ठेवून पाहिली आणि तिन्ही दिवस तेच.

तो कामावरून थेट जुन्या रोपवाटिकेत गेला आणि कळ्या आलेली चाळीस रोपं घेऊन आला. जांभळट गुलाबी आणि पांढरी. लावायला दोन दिवस लागले. ताई पायरीवर बसून होती. मध्येच तिने हटकलं, की खड्डा उथळ झालाय. त्याने तो खोल केला.

सदाफुली रुजली आणि दोन आठवड्यांत वाफा असा भरला, की धुणीघरातल्या बायका वाकडी वाट करून बघायला यायला लागल्या. खायला काही नाही म्हटल्यावर गोगलगायी ओसरल्या. उरलेल्या माळी रोज सकाळी बादलीत वेचून कुंपणापलीकडच्या ओढ्यात सोडून यायचा. मनगट मोडलेली शिक्षिकाही आता खुर्ची वाफ्याकडे तोंड करून मांडायला सांगे.

एकदा चहाच्या वेळी माळी आचाऱ्याला फुशारकीने सांगत होता, की या झाडाला गोगलगायच काय, शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

आचारी कप विसळता विसळता म्हणाला, “माझ्या हातचं जेवण आणि तुझी सदाफुली. या घरात दोघांनाही कुणी तोंड लावत नाही, माळीबुवा.”

दोघं हसले. हसता हसता माळ्याने थांबायला पाहिजे होतं, पण तो थांबला नाही. दीड महिना तो गोगलगायीच्या उंचीवरून जग पाहत होता. त्याच आठवड्यात सकाळच्या पाळीच्या नर्सने त्याला सांगितलं होतं, की ताई आजकाल हाताला येईल ते तोंडात घालतात, परवा साबणाची वडी घातली, काल बटण. त्यावर त्याने साबण कुठला होता एवढंच विचारलं होतं. आणि सदाफुली विषारी असते हे काय त्याला ठाऊक नव्हतं? रोपवाटिकेत पहिल्या वर्षी ताईनेच त्याला ते शिकवलं होतं.

विश्वस्त गुरुवारी यायचे होते. बुधवारी सकाळी माळी नेहमीसारखा बादली घेऊन वाफ्याशी बसला. गोगलगायी जेमतेम तीन. तो सुकलेली फुलं खुडत पुढे सरकत होता आणि पायरीजवळच्या रोपाशी त्याचा हात अडला. एक पान अर्धं होतं.

गोगलगाय पान खाते तेव्हा ती ते खरवडते. भोक पडतं, कडा चिंध्यांसारख्या होतात, चिकट रेघ राहते. इथे रेघ नव्हती. कड स्वच्छ होती, चंद्रकोरीसारखी वळलेली, आणि तिच्यावर बारीक बारीक दात उमटलेले होते. शेजारच्या फांदीला शेंडाच नव्हता. आणखी दोन देठ नुसतेच उभे होते.

तो उठला तेव्हा बादली लवंडली.

आत ताई पलंगावर आडवी होती. नर्स तिचं तोंड पुसत होती. पहाटेपासून दोनदा उलटी झाली होती. दारात आचारी मान खाली घालून उभा होता, कारण रात्रीच्या दुधावर संशय होता आणि मोठ्या बाई त्याला दूध किती वाजता आलं, किती वेळ उघडं होतं, हे विचारत होत्या. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, की तेच दूध सगळ्यांनी घेतलं. डॉक्टरांना फोन झाला होता. ते येतच होते.

माळी उंबऱ्यावर उभा राहिला. त्याच्या मुठीत ते अर्धं पान होतं. ते खिशात टाकायला काहीच लागत नव्हतं. उलटी थांबत आली होती, ताईचा चेहरा शांत होता, दुधावर निभावलं असतं. उद्या विश्वस्त आले असते, वाफा पाहिला असता.

“दूध नव्हे, बाई,” तो म्हणाला. “माझी सदाफुली खाल्लीय तिने. तीन-चार पानं गेलीयत, शेंडे धरून. डॉक्टरांना आधी हे सांगा.” आणि त्याने मूठ उघडली.

आचाऱ्याने पहिल्यांदा मान वर केली. मोठ्या बाईंनी पान घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि दात ओळखू आले तेव्हा त्या खुर्चीत बसल्या.

डॉक्टर आले. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, झाडाची डहाळी मागवून घेतली. खाल्लं थोडं, आणि त्यातलं बरंच बाहेर पडलं, म्हणून निभावलं, असं ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत कुणीतरी शेजारी बसायचं आणि दर तासाला नाडी मोजायची. वेळेवर सांगितलंत हे बरं केलंत, असंही ते जाताना म्हणाले. ते कुणाला म्हणाले हे कळलं नाही, कारण ते पेटी बंद करत होते.

दुपारपर्यंत माळी बहिणीच्या उशाशी बसला. ती जागी झाली आणि तिने त्याला ओळखीच्या नजरेने पाहिलं, म्हणजे माळ्याला पाहावं तसं.

“काम सोडून इथं काय बसलायस?” ती म्हणाली. “मालक बोलतील.”

“बोलू देत.”

“असं नाही म्हणू. मिळालेलं काम टिकवावं. माझा भाऊ पण असाच आहे, उलट बोलतो.” मग जरा थांबून तिने विचारलं, “शाळा सुटली का रे?”

अजून वेळ आहे, असं त्याने सांगितलं. ती पुन्हा झोपली. नर्सला बसवून तो बाहेर आला, हातमोजे चढवले आणि वाफ्याच्या टोकाशी गुडघे टेकले.

पहिलं रोप निघायला जड गेलं. चांगलं रुजलं होतं. तो एकेक उपटत गेला, माती झटकत गेला, फुलांसकट पोत्यात भरत गेला. आठ-दहा रोपं झाली असतील तेव्हा मोठ्या बाई व्हरांड्यात आल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्या हळू आवाजात समजावत होत्या, की उद्याचा एक दिवस जाऊ द्या, ताईंना उद्या खोलीतच ठेवू, पाहिजे तर वाफ्याभोवती दोर बांधू, विश्वस्तांनी वाफा एकदा पाहिला, की परवा खुशाल काढा आणि जिरॅनियम लावा. मी सांभाळून घेते. यात ताईंचंच भलं आहे.

माळी हात न थांबवता ऐकत होता. मग तो टाचांवर बसला.

“बाई, इथं चौदा जण बसतात. ताईचं मला आज कळलं. बाकीच्या तेरा जणांचं कोण सांगणार? आज रात्रभरात कुणी एक पान खाल्लं, तर उद्या मी विश्वस्तांना फुलं कशी दाखवू?”

 मोठ्या बाई आत गेल्या आणि दुसरं पोतं घेऊन आल्या. उरलेली रोपं दोघांनी मिळून काढली. मोठ्या बाईंना सवय नव्हती, त्यांच्या हातून देठ तुटून मुळं मातीत राहत. माळी मागून येऊन ती उकरून काढत होता.

विश्वस्त आले ते चांगली माणसं होती. त्यांनी भाजीला काय असतं ते विचारलं, पलंग हलवून पाहिले, शिक्षिकेच्या मनगटाची चौकशी केली. वाफ्याशी आले तेव्हा तिथे उकरलेली ओली माती होती आणि एका कोपऱ्यात बोटभर जिरॅनियमच्या नऊ काड्या. मोठ्या बाईंनी सगळं सांगितलं, माळ्याने स्वतःहून सांगितलं तेही सांगितलं. विश्वस्तांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. पण एकीचं मनगट आणि दुसरीच्या पोटात विष, एवढं झाल्यावर त्यांना दुसरं काही ठरवता येणार नव्हतं. गवंडी पुढच्याच आठवड्यात आला. राखाडी फरशी बसली, खडबडीत, पाय न घसरणारी. काम चांगलं झालं होतं, माळ्यानेही नंतर त्यावरून चालून पाहिलं.

ताई दोन दिवस पायरीवर येऊन बसली. फरशीवर हात फिरवायची, सांधे चाचपायची. तिसऱ्या दिवशी ती फाटकाशी गेली. चौथ्या दिवशी तीनदा गेली, आणि पहारेकऱ्याच्या हाताला चावली. शनिवारी तिचा पलंग वर नेला. कपड्यांचं बोचकं माळ्याने नेलं. जिन्याचं दार लागलं तेव्हा ती आतून जाळीला धरून उभी राहिली आणि पहारेकऱ्याला म्हणते तेच त्याला म्हणाली, की कडी काढ, पोरगं वाट बघत असेल.

पुढचे काही दिवस माळी कामापुरता बोलत होता. आचारी त्याच्यासाठी चहा झाकून ठेवायचा. त्या सकाळबद्दल तो कधी काही बोलला नाही, फक्त आता साखर न विचारता दोन चमचे घालायचा.

मग एक दिवस आचाऱ्याकडेच फळांचे दोन रिकामे लाकडी खोके पडलेले माळ्याला दिसले. त्याने ते मागून घेतले. तळाला भोकं पाडली, आत पोत्याचं कापड अंथरलं. वाफ्यातून काढलेली माती मागच्या अंगणात ढीग करून ठेवली होती, ती चाळली. तिच्यात गोगलगायींची अंडी असतात, पांढरी, साबुदाण्यासारखी. ती त्याने एकेक वेचून काढली. खोके भरले आणि मोठ्या बाईंना विचारून वरच्या मजल्यावर नेले. जाळी लावलेला एक लांबट सज्जा होता तिथे. सकाळचं ऊन चांगलं येत होतं.

काय लावायचं यावर यावेळी त्याला परीक्षा घ्यावी लागली नाही. वरच्या मजल्यावर, कोरड्या भिंतीवरून, एकही गोगलगाय चढून येणार नव्हती. त्याने लेट्यूस पेरलं, पालक पेरला, कडेने कोथिंबीर. गोगलगायींनी एका रात्रीत फस्त केलं असतं ते सगळं. रोज साडेसातला तो पाणी घेऊन वर जायचा, नर्स कुलूप काढायची, आणि तो आत असेपर्यंत पुन्हा लावायची.

पाच आठवड्यांनी पानं हाताएवढी झाली. ताई खोक्याशी स्टुलावर बसली होती. तिने लेट्यूसचं एक पान तोडलं आणि तोंडात घातलं. माळी बघत राहिला. नर्सही बघत होती. ताई सावकाश चावत होती, शेवटपर्यंत, आणि मग तिने गिळलं.

“गोड आहे,” ती म्हणाली. मग बोटांनी रोपांच्या मधली माती चाचपली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “पण दाट लावलंस. कुणी शिकवलं तुला? यांना श्वास कुठून घेता यायचा? हे काढ मधलं.”

तिने दाखवलं ते रोप माळ्याने बोटांनी मोकळं केलं आणि मुळासकट अलगद उचललं. चांगलं तरारलेलं होतं, मुळांना मातीचा गड्डा धरून.

“फेकू नको,” ताई म्हणाली. “खाली जाऊन लाव कुठेतरी.”

“हो ताई,” तो म्हणाला.

नर्सने दार उघडलं. ते रोप ओंजळीत धरून माळी जिना उतरला आणि व्हरांड्यात आला. फरशी नुकतीच धुतलेली होती. शिक्षिका खुर्चीत बसून बरा झालेला हात उन्हात धरून होती. तिने पाय बाजूला घेऊन त्याला वाट करून दिली. माळी दोन पावलं पुढे गेला, आणि मग जिथे वाफा होता तिथेच, रोप हातात घेऊन, थोडा वेळ उभा राहिला.